एसीत चौथ्यांदा गॅस भरण्याआधी

प्रश्न : ऐरोलीला राहतो. १४ महिन्यांपूर्वी वाशीच्या दुकानातून दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी ४२,००० रुपयांना घेतला. पाचव्या महिन्यात गार होईना, म्हणून कंपनीच्या टेक्निशियनने गॅस भरला. आठव्या आणि अकराव्या महिन्यात पुन्हा तेच. आता परत कूलिंग गेलंय. सर्व्हिस सेंटर म्हणतं, इनडोअर कॉइल गेली, वॉरंटी संपली, कॉइलचे आणि गॅसचे पैसे भरा. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी म्हणते फिटिंग दुकानदाराच्या माणसाने केलं. आणि दर वेळी मोबाइलवर ‘आपल्या तक्रारीचं निवारण झालं’ असा मेसेज येतो. काय करावं?

उत्तर :

एसीतला गॅस (रेफ्रिजरंट) वापरून संपत नाही, हे आधी पक्कं लक्षात घ्या. तो घरातल्या सिलिंडरसारखा जळत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो आणि यंत्र ठीक असेल तर वर्षानुवर्षं तितकाच राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळला. म्हणजे तीनदा गॅस भरला गेला आणि गळती एकदाही बंद केली गेली नाही. तुमच्या हातात चार तक्रारी नाहीत, एकच आहे. ती पाचव्या महिन्यात, वॉरंटीत असताना नोंदवलेली आहे आणि आजपर्यंत सुटलेली नाही. पुढचा प्रत्येक ईमेल, प्रत्येक अर्ज याच वाक्यावर उभा करा. ‘वॉरंटी संपल्यावर नवीन बिघाड झाला’ ही कंपनीची मांडणी एकदा तुम्ही मान्य केलीत, की बाकी सगळं हातचं जातं.

असं का होतं, ते कळलं तर कुणाशी काय बोलायचं तेही कळेल. बहुतेक कंपन्यांची सेवा स्वतःच्या पगारी माणसांकडे नसते, फ्रँचायझीकडे असते. फ्रँचायझीला प्रत्येक बंद झालेल्या कॉलमागे, म्हणजे निकाली दाखवलेल्या तक्रारीमागे, ठरलेला दर मिळतो आणि कॉल किती तासांत बंद झाला यावर तिचं मोजमाप होतं. गॅस भरला की कॉल त्याच दिवशी बंद. कॉइल (गॅस फिरतो ती तांब्याच्या नळ्यांची जाळी) बदलायची तर फोटो पाठवा, वॉरंटीची मंजुरी घ्या, पार्ट मागवा. तोवर कॉल ‘पार्ट पेंडिंग’मध्ये अडकतो आणि सेंटरचा आकडा बिघडतो. एप्रिल-मेमध्ये एकेका टेक्निशियनवर दिवसाला इतके कॉल असतात, की गळती शोधायला लागणारा नायट्रोजनचा सिलिंडर घेऊन जिना चढायला त्याला वेळच नसतो. म्हणून घरी येणाऱ्या मुलावर चिडून उपयोग नाही. निर्णय वर झालेला आहे, आणि तो धंद्याच्या दृष्टीनेही वाईट आहे: तीन फेऱ्या आणि तीनदा भरलेला गॅस एवढ्या खर्चात पहिल्याच वेळी गळती शोधून काम संपलं असतं.

आता एसी बंद ठेवा. कमी गॅसवर तो चालवत राहिलात तर कंप्रेसर तापतो, कारण परत येणारा थंड गॅसच त्याला गार ठेवत असतो. उद्या कंप्रेसर गेला तर ‘ग्राहकाने तसाच वापरला’ म्हणायला त्यांना जागा मिळेल. बाहेरच्या मेकॅनिककडून एसी उघडूही नका. त्याने नुसता व्हॉल्व्ह उघडला तरी कंपनी म्हणेल, आमच्याशिवाय कुणीतरी हात लावला. आणि गुगलवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नका. त्यांतले कित्येक नंबर बनावट असतात. बिलावर, वॉरंटी कार्डावर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये असतो तोच नंबर घ्या.

पुन्हा तक्रार नोंदवताना ‘कूलिंग नाही’ एवढंच सांगू नका. ‘रेफ्रिजरंट गळतीची जुनी तक्रार, तीनदा गॅस भरून सुटलेली नाही, नायट्रोजन टेस्टिंग हवं’ हे शब्द नोंदवायला लावा. टेक्निशियन आला की तपासणी या क्रमाने व्हायला हवी.

पहिल्यांदा नेमप्लेट. आउटडोअर युनिटवर गॅसचा प्रकार आणि वजन छापलेलं असतं. हल्ली दीड टनाच्या बहुतेक मशीनमध्ये आर-३२ असतो आणि वजन एक किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी. या प्लेटचा फोटो काढा. मग जोड. इनडोअरच्या मागचे आणि आउटडोअरच्या व्हॉल्व्हवरचे फ्लेअर नट (नळ्या जोडणारे नट) साबणाच्या फेसाने तपासायचे. जोडाभोवती तेलाचा ओशट डाग दिसला तर गळती बहुधा तिथेच, कारण गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही बाहेर येतं. इथे गळती निघाली तर दोष फिटिंगचा: फ्लेअर, म्हणजे नळीचं पसरवलेलं तोंड, वाकडा झाला, नट कमी आवळला किंवा इतका आवळला की तांबं चिरलं.

जोड कोरडे असतील तर उरलेला गॅस काढून घेऊन कोरडा नायट्रोजन भरायचा. दाब कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलच्या मर्यादेत ठेवायचा. आर-३२ च्या मशीनला साधारण ३०० ते ४०० पीएसआय (दाबाचं एकक) ठेवतात. गेजचा फोटो वेळेसकट काढायचा आणि शक्य असेल तर रात्रभर तसंच सोडायचं. १५ मिनिटं बघून ‘होल्ड आहे’ म्हणणं पुरेसं नाही. सुईएवढ्या छिद्राची गळती तितक्या वेळात काट्यावर दिसत नाही. (तापमान उतरलं की दाबही थोडा उतरतो. म्हणून दुसऱ्या दिवशी साधारण त्याच वेळी वाचन घ्यावं.) दाब पडला तर इनडोअर कॉइल, आउटडोअर कॉइल आणि मधली पाइपिंग वेगवेगळी करून प्रत्येकात नायट्रोजन भरायचा. गळती नेमकी कुठे आहे हे यातूनच ठरतं. हे न करता ‘कॉइल गेली’ हा निव्वळ अंदाज असतो. तुमच्याकडे नायट्रोजन टेस्टिंग झालं नसेल, तर कॉइलचा खर्च कशाच्या आधारावर सांगितला, हे लेखी विचारा.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा ५०० मायक्रॉनपर्यंत (इथे हे निर्वाताचं माप) खेचायची. थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलणं म्हणजे व्हॅक्यूम नव्हे. नळीत ओल राहते आणि ती तेलात जाऊन कंप्रेसरची वाट लावते. मग गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. पाइप लांब असेल तर प्रति मीटर किती ग्रॅम वाढवायचे तेही मॅन्युअलमध्ये असतं. गेज बघून ‘अंदाजे’ भरलेला गॅस इन्व्हर्टर मशीनला चालत नाही. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे, तेव्हा हे सगळं चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा, आणि गॅस पूर्ण काढून नायट्रोजन फिरवल्याशिवाय नळ्या जोडायची गॅस टॉर्च पेटवू देऊ नका.

ऐरोलीबद्दल वेगळं सांगायला हवं. ठाणे खाडीच्या काठची घरं, उघडे नाले आणि टीटीसी औद्योगिक पट्टा यांच्या जवळ इनडोअर कॉइलला छिद्रं पडण्याचं प्रमाण जास्त आढळतं. नाल्यातून आणि खाडीच्या गाळातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्यावर बसतो, तांबं काळं पडतं आणि पातळ नळीला बारीक छिद्रं पडतात. कोपरखैरणे, रबाळे, घणसोली, तिकडे ठाण्यात कोलशेत, बाळकुम, कळव्याचा खाडीकाठ, सगळीकडे हीच गोष्ट. कंपनीला हे माहीत असतं, म्हणूनच वॉरंटी कार्डाच्या बारीक अक्षरांत ‘वातावरणामुळे झालेली गंज’ वगळलेली असते. ते कार्ड आज शांतपणे वाचा. कॉइल काळी पडलेली दिसली तर कंपनी हेच कलम पुढे करणार.

त्यावर उत्तरं आहेत. हे कलम खरेदीच्या आधी दाखवलं होतं का? कार्ड बहुधा खोक्यात असतं, पैसे भरल्यावर हातात येतं. दुकान वाशीचं, माल याच पट्ट्यात विकला. इथे टिकणार नाही असं यंत्र असेल तर ते सांगणं विक्रेत्याचं काम होतं. आणि मोठा मुद्दा असा, की पाचव्या महिन्यात गंज होती तर तेव्हाच्या जॉबशीटवर (टेक्निशियनने भरलेल्या कामाच्या नोंदीवर) ती का लिहिली नाही? तीनदा वॉरंटीत गॅस भरला आणि चौथ्यांदा गंज आठवली, ही विसंगती कागदावर आणा. एक तांत्रिक गोष्टही ध्यानात असू द्या: करारातली अट अन्यायकारक ठरवून ती रद्द करण्याचा अधिकार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राज्य आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाला दिला आहे, जिल्हा ग्राहक आयोगाला नाही. म्हणून जिल्ह्यात ‘ही अट रद्द करा’ अशी मागणी न करता सदोष वस्तू आणि सेवेतली त्रुटी यांवर भर द्या.

आता जॉबशीट, कारण प्रकरण इथेच जिंकलं किंवा हरलं जातं. आजकाल बऱ्याच कंपन्या कागद देत नाहीत. मोबाइलवर चार किंवा सहा आकडी कोड येतो, तो टेक्निशियनला सांगितला की कॉल बंद. सेवावाले त्याला हॅपी कोड म्हणतात. तो कोड म्हणजे तुमची सही आहे आणि ‘काम समाधानकारक झालं’ असा त्याचा अर्थ कंपनी पुढे लावते. काम पाहिल्याशिवाय, जॉबशीट वाचल्याशिवाय कोड देऊ नका. तो ‘सर, माझा कॉल अडकतो’ म्हणेल, आणि ते खरंही असतं. त्याला शांतपणे सांगा, की शीटवर ‘गळती सापडली नाही, फक्त गॅस भरला, ग्राहक समाधानी नाही’ असं लिही, मग कोड घे. जॉबशीटवर काय दिसलं, काय केलं, किती ग्रॅम गॅस भरला आणि कुठला पार्ट बदलला हे असायलाच हवं. नसेल तर स्वतःच्या हाताने लिहा, तारीख-वेळ टाका, फोटो काढा.

आणि कधी कधी कुणी न येताच ‘ग्राहक घरी नव्हते’ म्हणून कॉल बंद होतो. सोसायटीच्या गेटवरची व्हिजिटर नोंद इथे कामी येते. त्या दिवसाच्या पानाचा फोटो किंवा गेट ॲपचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या. महिन्याभराने वॉचमन बदललेला असतो.

तुमच्या मागच्या तीन भेटींचे कागद नसतील तरी हातपाय गाळू नका. कंपनीचे एसएमएस, कॉल लॉग, ॲपमधला इतिहास मिळून तारखा उभ्या राहतात. फोन बदलणार असाल तर जुना जपून ठेवा. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडलेलं बरं; आयोगाचं कामकाज तितकं काटेकोर नसलं तरी कंपनीचा वकील हा आक्षेप घेतोच.

पुढचं पाऊल ईमेल. कस्टमर केअरबरोबरच कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा आणि दुकानदारालाही प्रत द्या. ईमेल लहान ठेवा. साधारण असा:

‘दि. अमुक रोजी बिल क्र. अमुकप्रमाणे घेतलेल्या एसीत, अनुक्रमांक अमुक, पाचव्या महिन्यात गॅस गळतीची तक्रार नोंदवली. दि. अमुक, अमुक आणि अमुक रोजी फक्त गॅस भरण्यात आला. गळती शोधली नाही, दुरुस्तही केली नाही. हा दोष वॉरंटीत उद्भवलेला असून आजही तसाच आहे. १५ दिवसांत नायट्रोजन टेस्टिंग करून त्याचा लेखी अहवाल द्यावा आणि सदोष भाग विनामूल्य बदलावा. ते शक्य नसल्यास यंत्र बदलून द्यावं किंवा रक्कम परत करावी. तोवर कोणताही कॉल माझ्या लेखी संमतीशिवाय बंद करू नये.’

एवढंच. त्यात संताप नको, समाजमाध्यमांवर टाकण्याची धमकी नको. हा मजकूर पुढे आयोगापुढे वाचला जाणार आहे. फोनवर उत्तर आलं तर फोन ठेवल्यावर लगेच ‘आत्ता आपल्या प्रतिनिधीने असं सांगितलं’ एवढं ईमेलने कळवा. तोंडी बोलणं असंच कागदावर येतं.

हीच खरेदी ऑनलाइन असती तर एक हत्यार जास्त असतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. ऑनलाइन घेणाऱ्यांनी त्या अधिकाऱ्याचं नाव संकेतस्थळावर शोधून थेट त्यालाच लिहावं, चॅटवाल्याशी तास घालवू नये.

दुकानदाराला सोडू नका. पैसे त्याने घेतलेत, बिल त्याचं आहे आणि फिटिंग त्याच्या माणसाचं असेल तर तीही त्याचीच जबाबदारी. कंपनी आणि दुकान एकमेकांवर ढकलतात तेव्हा दोघांनाही पक्षकार करणं हाच उपाय. कुणाचा वाटा किती, ते आयोग बघेल. जाता जाता, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमची ती मुदत गेली, पण पहिल्याच महिन्यात बिघाड झालेल्यांनी हे विसरू नये.

ईमेलनंतर किंवा त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीपर्यंत पोचवून उत्तर मागते. पण कंपन्यांत या तक्रारी बघणारा वेगळा विभाग असतो आणि त्याला फ्रँचायझीच्या वर जाऊन पार्ट मंजूर करता येतो. वॉरंटीतल्या पार्टचं अडलेलं काम पुष्कळदा इथेच सुटतं. बिल, जॉबशीट आणि तुमचा ईमेल जोडा. नुसती कहाणी लिहिली तर कंपनी ‘ग्राहकाशी संपर्क साधला’ एवढंच उत्तर देऊन मोकळी होते.

तरीही नाही झालं तर स्पीड पोस्टने, पोचपावतीसह, दोघांना १५ दिवसांची नोटीस द्या. कायद्याने ती सक्तीची नाही, पण तुम्ही संधी दिली होती हे दिसतं. मग जिल्हा आयोग.

कुठल्या आयोगात, याबाबत नवी मुंबईकरांची हमखास गल्लत होते. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो; त्यासाठी सीबीडी बेलापूरला कोकण भवनात अतिरिक्त ठाणे जिल्हा ग्राहक आयोग आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात, म्हणजे अलिबाग. पण तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, विरुद्ध पक्षाची शाखा जिथे आहे किंवा व्यवहार जिथे घडला, यांपैकी कुठेही तक्रार करता येते. खारघरच्या माणसाने वाशीच्या दुकानातून माल घेतला असेल तर त्याला अलिबाग गाठायची गरज नाही. तुम्ही ऐरोलीचे, दुकान वाशीचं. तुमचं प्रकरण सरळ बेलापूरलाच.

५ लाखांपर्यंतच्या वस्तूला आयोगाचं शुल्क नाही. वकील बंधनकारक नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवर दाखल होते: तारखांची यादी, तक्रार, प्रतिज्ञापत्र, बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीट, ईमेल, नोटीस आणि तिची पोच, सगळं क्रमांक टाकून एकाच क्रमाने. छापील संच मागितले जाऊ शकतात. आयोगासाठी एक आणि प्रत्येक विरुद्ध पक्षासाठी एक, असे तयार ठेवा. मुदत दोन वर्षांची. ती सगळ्यात सुरक्षित रीतीने, पहिल्या बिघाडाच्या तारखेपासून मोजा. ईमेल पाठवत राहिल्याने मुदत वाढते, हा गैरसमज आहे आणि त्यावर चांगली प्रकरणं बुडतात.

विरुद्ध पक्षाला लेखी उत्तरासाठी ३० दिवस, आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५. त्यापुढे मुभा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. निकाल तीन महिन्यांत, तांत्रिक तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, तशी मनाची तयारी ठेवा.

कंपनीचा ठरलेला बचाव म्हणजे ‘उत्पादन दोष सिद्ध झालेला नाही’. एसी भिंतीवरून काढून प्रयोगशाळेत नेणं अवघड, म्हणून एखाद्या वातानुकूलन अभियंत्याचा लेटरहेडवरचा अहवाल आणि त्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. त्याने यंत्र उघडायचं नाही. बाहेरून पाहणी, चारही भेटींच्या तारखा आणि ‘गळती दुरुस्त न करता वारंवार गॅस भरण्यात आला’ हा निष्कर्ष एवढं पुरे. मागणी माफक ठेवा. ४२,००० च्या यंत्रासाठी ५ लाखांची भरपाई मागितली की खऱ्या तक्रारीचंही वजन उतरतं. यंत्राची किंमत व्याजासह किंवा विनामूल्य दुरुस्ती वाढीव वॉरंटीसह, मनस्तापाबद्दल वाजवी रक्कम, तक्रारीचा खर्च.

नोटीस मिळाल्यावर कंपनीचा फोन येण्याची शक्यता चांगली असते: ‘कॉइल फुकट बदलतो, तक्रार मागे घ्या.’ हे स्वीकारायला हरकत नाही, मात्र क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी ईमेलवर लेखी प्रस्ताव, त्यात नव्या कॉइलवर किती महिन्यांची वॉरंटी ते. मग काम: नायट्रोजन, व्हॅक्यूम, वजनकाट्यावर मोजलेला गॅस, आणि ग्रॅमचा आकडा जॉबशीटवर. जुन्या कॉइलचा काळ्या डागांसकट आणि नव्या कॉइलचा अनुक्रमांकासह फोटो काढून ठेवा. मागच्या वेळी गॅस तीन-तीन महिन्यांत गेला होता, तेव्हा निदान तेवढे दिवस ‘पूर्ण व अंतिम समझोता’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. आग्रहच झाला तर ‘तीन महिने कूलिंग टिकल्यास’ ही अट त्याच कागदावर, सहीच्या वर, स्वतःच्या हाताने लिहा.